द्राक्षबागेतील फुलकिडे: केवळ सापळा पाहून फवारणी करू नये

प्रश्न (निफाड तालुका): गोडी छाटणीला (फळांसाठी केलेल्या छाटणीला) ३८ दिवस झाले असून बाग फुलोऱ्यात येत आहे. बांधालगतच्या निळ्या चिकट सापळ्यांवर फुलकिडे दाट दिसतात. दुकानदार दोन औषधे एकत्र करून दर चार दिवसांनी मारण्यास सांगतो. तसे करावे का? सापळ्यांना अनुदान आहे का?

उत्तर: तसे करू नये. सापळ्यावर उडणारे प्रौढ तेवढे चिकटतात, कोवळ्या पानांवर आणि घडांवर खरवडणारी पिल्ले नाहीत. शिवाय बांधापलीकडे कांदा उभा असेल, आणि आपल्या भागात तो बहुधा असतोच, तर त्यावरचे फुलकिडेही त्याच सापळ्यावर येऊन बसतात. सापळ्यावरून कीड आली एवढे कळते. फवारणी ठरते ती वेलीवरील मोजणीवरून.

सकाळी ऊन चढण्यापूर्वी कडेच्या आणि मधल्या ओळींतील वीस-पंचवीस वेलींचे कोवळे शेंडे व घड पांढऱ्या कागदावर हलकेच झटकावेत, पडलेली पिल्ले व प्रौढ मोजावेत आणि तारीख व अवस्थेसह आकडा वहीत लिहावा. फुलोऱ्यापासून मणी ज्वारीएवढे होईपर्यंत हे एक दिवसाआड करावे, कारण या काळात सालीवर पडलेला खरडा काढणीपर्यंत जात नाही. आकडा सलग चढत असेल तरच, लेबलवर द्राक्षासाठी शिफारस असलेले एकच कीटकनाशक लेबलवरील मात्रेत फवारावे. दोन दिवसांनी पुन्हा मोजावे आणि पुढची फवारणी लागलीच तर कीटकनाशकाचा गट बदलावा, म्हणजे वेगळ्या प्रकारे कीड मारणारे औषध घ्यावे.

‘थोडे जास्त टाका’ हा दुकानातला सल्ला ऐकू नये. मात्रा वाढवल्याने कीड अधिक मरत नाही, फळातील औषधाचे उर्वरित अंश मात्र वाढतात. सिंथेटिक पायरेथ्रॉइड गटातील कीटकनाशकांचा वारंवार मारा केल्यास पिठ्या ढेकूण खाणारे क्रिप्टोलिमस भुंगेरे मरतात आणि मण्यांत पाणी उतरताना, म्हणजे मणी पिकू लागताना, घडाघडांत पिठ्या ढेकूण दिसू लागतो. अशा अनेक बागा मी पाहिल्या आहेत, आणि तेव्हा काढणीपूर्व प्रतीक्षा कालावधीमुळे (शेवटची फवारणी आणि काढणी यांत ठेवायच्या दिवसांमुळे) फारसे काही फवारताही येत नाही. म्हणून मोजणीच्या वेळी खोडावर मुंग्यांची रांग दिसल्यास सैल साल काढून खाली पिठ्या ढेकूण आहे का ते पाहावे, कारण मुंग्या त्याच्या मागे येतात. पुन्हा सांगतो, दिवस मोजून फवारणी करू नये, कीड मोजून करावी.

अनुदानाचे अर्ज राज्य शासनाच्या महाडीबीटी संकेतस्थळावर होतात. सापळ्यांसाठी सध्या कोणता घटक (योजनेतील बाब) खुला आहे ते गावच्या सहायक कृषी अधिकाऱ्यांना (पूर्वीचे कृषी सहायक) विचारावे. त्यांच्याकडे जाताना मोजणीची वही सोबत न्यावी.