अ‍ॅक्सेसरी व्ह्यू शेवटच्याच ओळीत दिसतो आणि टॅपही लागत नाही

आयओएसच्या टेबल व्ह्यूबद्दल (ओळींच्या यादीबद्दल) तुमच्या दोन तक्रारी आहेत: सेलच्या, म्हणजे एका ओळीच्या, उजव्या कडेला अ‍ॅक्सेसरी व्ह्यू म्हणून लावलेलं बटण फक्त शेवटच्या ओळीत दिसतं, आणि दाबल्यावर अ‍ॅक्सेसरी टॅपची डेलिगेट मेथड (टॅप झाल्याचं टेबल जिच्यातून तुमच्या कोडला कळवतं ती) चालत नाही. दोन्हींचं मूळ एकच. अ‍ॅक्सेसरी टाइपमधला तयार प्रकार (टिकमार्क, बाण वगैरे) निवडला की सगळं यूआयकिट, म्हणजे अ‍ॅपलचं स्क्रीन बनवायचं फ्रेमवर्क, बघतं. अ‍ॅक्सेसरी व्ह्यूला मात्र टेबल नुसती जागा देतं. पुढचं तुमचं तुम्ही.

तुमच्या कोडमध्ये बटण व्ह्यू-डिड-लोडमध्ये (स्क्रीन लोड झाल्यावर चालणाऱ्या मेथडमध्ये) एकदाच बनतं आणि तेच प्रत्येक सेलला दिलं जातं. व्ह्यूला सुपरव्ह्यू (ज्याच्या आत तो बसतो तो व्ह्यू) एकच असतो, त्यामुळे पुढच्या सेलला दिलं की आधीच्यातून ते निघून जातं. सेलचा सबक्लास करा आणि त्याच्या इनिटमध्ये बटण बनवा, म्हणजे प्रत्येक सेलला स्वतःचं मिळेल. त्याला फ्रेम द्या किंवा साइज-टू-फिट करा. यात मी एकदा अख्खी दुपार घालवली आहे: स्विच दिसायचा, बटण दिसायचं नाही. स्विच आपला आकार सोबत घेऊन येतो, बटणाची फ्रेम शून्य होती!

आता टॅप. ती डेलिगेट मेथड फक्त डिटेल बटण आणि डिटेल डिस्क्लोजर बटण या दोन प्रकारांसाठीच चालते. तुमच्या बटणाला अ‍ॅड-टार्गेट तुम्हीच करायचं, म्हणजे दाबल्यावर कुठली मेथड चालवायची ते सांगायचं. कुठली ओळ दाबली हे कळावं म्हणून टॅगमध्ये रो नंबर ठेवायचा मोह होतो, पण मधली एक ओळ डिलीट झाली की खालचे सगळे टॅग चुकतात आणि भलत्याच ओळीवर काम होतं. मी सेलमध्ये एक क्लोजर (नंतर चालवायचा कोडचा तुकडा) ठेवतो, टॅप झाला की तो सेललाच परत देतो, आणि त्या सेलचा इंडेक्सपाथ (ओळीची जागा) त्याच क्षणी टेबललाच विचारतो. प्रिपेअर-फॉर-रीयूजमध्ये (सेल दुसऱ्या ओळीसाठी पुन्हा वापरण्याआधी चालणाऱ्या मेथडमध्ये) क्लोजर निल, म्हणजे रिकामा, करायला विसरू नका.

काही ओळींत बटण आणि काहींत टिकमार्क हवा असेल, तर टिकमार्कच्या ओळीत अ‍ॅक्सेसरी व्ह्यू आधी निल करा. तो असेपर्यंत अ‍ॅक्सेसरी टाइपकडे कोणी बघत नाही. एडिटिंग मोडसाठी एडिटिंग अ‍ॅक्सेसरी व्ह्यू वेगळा द्यावा लागतो.

नुसता रंगच बदलायचा असेल तर एवढा खटाटोप नको, सेलचा टिंट कलर बदला. टिकमार्क रंगतो, बाण मात्र करडाच राहतो.

एकाच ओळीत दोन-तीन अ‍ॅक्सेसरी हव्या असतील, तर आयओएस 14 पासून कलेक्शन व्ह्यूच्या लिस्ट सेलमध्ये त्यांची थेट अ‍ॅरेच देता येते. नवीन स्क्रीनसाठी मी आता तेच वापरतो.