टॉवरशेजारचं घर आणि अडीच हजार पौंड

तुमचं पत्र थोडक्यात असं: इंग्लंडच्या सफोक परगण्यातल्या एका गावात ३,६०,००० पौंडांचं घर मनात भरलंय, १० टक्के डिपॉझिट जमलंय. पण नॉरिच ते टिलबरी या प्रस्तावित उच्चदाब वीजलाइनचे टॉवर मागच्या शेतातून, घरापासून साधारण ३०० मीटरवरून जाणार आहेत. दीर म्हणतात, "सरकार अडीच हजार देतंय, मग घाबरता कशाला?" पाच-सहा वर्षांनी मोठं घर घ्यायचा तुमचा विचार आहे.

दिरांचा आकडा बरोबर आहे, हिशेब चुकलाय. ब्रिटिश सरकारने मार्च २०२५ मध्ये योजना जाहीर केली ती अशी: नव्या किंवा मोठी सुधारणा केलेल्या ट्रान्समिशन लाइनपासून ५०० मीटरच्या आतल्या घरांना वीजबिलात वर्षाला २५० पौंडांपर्यंत सूट, १० वर्षं. (जुन्या टॉवरांखाली वर्षानुवर्षं राहणाऱ्यांना यातलं काही नाही, हे मला आजही खटकतं.) म्हणजे रक्कम एकदम हाती येत नाही. ४ टक्के दराने तिची आजची किंमत काढा, २,०३० पौंडांच्या आसपास येते. त्यात तुम्ही सहा वर्षांत घर सोडणार, म्हणजे फार तर दीड हजार. लाइन तर अजून उभीही राहिलेली नाही.

ही सूट वीजबिलाची आहे, घराचा भाव उतरला तर त्याची भरपाई नाही. पूर्ण अडीच हजार धरले तरी ते तुमच्या घराच्या किमतीच्या पाऊण टक्क्याहून कमी भरतात.

मला खरी काळजी कर्जाची वाटते. समजा, बँकेच्या व्हॅल्यूअरने, म्हणजे घराची किंमत ठरवणाऱ्या माणसाने, लाइनचा नकाशा पाहून घराची किंमत ५ टक्क्यांनी कमी, ३,४२,००० धरली. ९० टक्के कर्ज म्हणजे ३,०७,८००. विकणारा ३,६०,००० वरच अडून बसला तर तुम्हाला ५२,२०० घालावे लागतील. तुमच्याकडे आहेत ३६,०००. वरचे १६,२०० कुठून आणणार?

आरोग्याचं म्हणाल तर तो माझा प्रांत नाही. पण जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २००२ मध्ये वीजतारांभोवती असतात तशा चुंबकीय क्षेत्रांना 'कदाचित कर्करोगकारक' या गटात घातलं. अंतर वाढलं की क्षेत्र झपाट्याने क्षीण होतं, हे खरं. तरी उद्या तुमचं घर बघायला येणारा गिऱ्हाईक ते ऐकून घेईलच असं नाही. त्याला खिडकीतून दिसेल तो सुमारे ५० मीटर उंचीचा टॉवर.

शेजारच्या शेतकऱ्याची गोष्ट वेगळी. तारा त्याच्या जमिनीवरून जातात, म्हणून त्याला वेलीव्हचं (जमिनीवरून तारा नेऊ देण्याच्या परवानगीचं) वार्षिक भाडं किंवा कायमच्या हक्कापोटी एकरकमी पैसे मिळू शकतात आणि रकमेवरून वाद झाला तर अपर ट्रायब्यूनल या न्यायाधिकरणात दादही मागता येते. तुमच्या कुंपणाच्या आत टॉवरही नाही, तारही नाही, त्यामुळे त्याच्याशी तुलना करू नका.

बिलातली सूट हिशेबातून पार काढून टाका आणि जी काही सवलत हवी ती घराच्या भावातच मागा. मी ३,४०,००० च्या वर जाणार नाही. विकणारा तयार झाला आणि तुम्ही दहा-बारा वर्षं तिथे राहायचं ठरवलंत, तर घर घ्यायला हरकत नाही. पाच वर्षांत विकायचंच असेल तर सोडून द्या. डेडम व्हेल या जवळच्या संरक्षित निसर्गरम्य भागात हीच लाइन जमिनीखालून न्यायचा प्रस्ताव आहे, त्या बाजूची घरंही एकदा बघून या. आणि ऑफर देण्याआधी सॉलिसिटरकडून नॅशनल ग्रिडचा (लाइन टाकणाऱ्या कंपनीचा) ताजा नकाशा मागवून घ्या. ३०० मीटर हे अंतर तुम्हाला एजंटने तोंडी सांगितलंय.