आज रात्रीपासून पुडी बंद

निपाणीची एक भगिनी लिहिते : "अक्का, दोन वर्षं झाली, पोटऱ्या-मांड्यांत सारखं लवलवतंय, झोपेतसुद्धा. पेटके येतात, घाम सुटतो. विडीला दोरा बांधला की मूठ लवकर उघडत नाही. बेळगावच्या डॉक्टरांनी इएमजी, म्हणजे स्नायूंची विद्युत तपासणी, काढून आयझॅक्स सिंड्रोम सांगितलं, कार्बामॅझेपीनची गोळी सुरू केली. हजार विड्या पुऱ्या होत नाहीत, तर सासूबाई 'सोंगं करतीस' म्हणतात. मालक मात्र देवमाणूस. वैद्यांची भस्माची पुडीसुद्धा न चुकता आणतात. डॉक्टर रागावतील म्हणून तेवढं त्यांना सांगितलं नाही. सासूबाईंना कसं समजावू?"

सासूबाईंचं राहू दे गं. हा आजार १९६१ साली दक्षिण आफ्रिकेतल्या डॉ. आयझॅक्स यांनी नोंदवलाय आणि झोपेत कुणी सोंग करत नाही, एवढं एकदा सांग आणि विषय सोड.

मला त्या पुडीनं झोप येईना. एवढ्या पत्रात तिच्या वाट्याला दोनच ओळी! काय असतं त्यात? बऱ्याच रसौषधींत, म्हणजे धातू-खनिजांच्या आयुर्वेदिक औषधांत, पारा असतो. तुझ्या आजारात बहुतेकदा शरीर आपल्याच नसांविरुद्ध प्रतिपिंडं (अँटीबॉडी) बनवतं, मग नसा स्नायूंना विनाकारण हुकूम सोडत राहतात. पारा असलेली देशी औषधं घेणाऱ्यांत हाच आजार, हीच प्रतिपिंडं आपल्याकडच्या डॉक्टरांना सापडली आहेत. काहींच्या मूत्रपिंडालाही इजा झाली होती. तुझं दुखणं पुडीनंच आलं असं मी म्हणत नाही. आधी काय सुरू झालं, लवलव की पुडी, तेही तू लिहिलं नाहीस. पण हे डॉक्टरांपासून लपवतेस, याचा मला खरंच राग आला.

आणि देवमाणूस! त्यांची माया खरी असेल. पण पुडीत काय आहे हे एकदाही न विचारता महिनोन् महिने बायकोला चारायचं? ते चांगले आहेत म्हणून तू गप्प गिळतेस.

आज रात्रीपासून पुडी बंद. उरलेल्या फेकू नकोस, पिशवीत घाल आणि मालकांनाच सोबत घेऊन डॉक्टरांच्या टेबलावर ठेव. रक्तातला, लघवीतला पारा आणि लघवीतली प्रथिनं तपासायला सांग. लघवीला फेस येतो का, पायांवर सूज आहे का, तेही बोल. डॉक्टरांची गोळी मात्र आपल्या मनानं थांबवायची नाही. अंगावर पुरळ किंवा तोंडात फोड आले तर त्याच दिवशी दवाखाना गाठ.

पुड्या बघून डॉक्टर काय म्हणाले, ते मला लगेच कळव.