इंग्लंडमधल्या कंट्री हाऊसमध्ये मराठी लग्नाचे फोटो काढायचं पहिलंच काम मिळालंय. फ्लॅश चालतो का? लेन्स कोणत्या न्याव्यात?

लेन्सचं आधी उरकतो. ३५ आणि ८५ मिलिमीटर, दोन्ही f/१.८ किंवा त्याहून जास्त उघडणाऱ्या, म्हणजे कमी उजेडातही चालणाऱ्या, आणि एक ७०-२०० ची झूम. दोन बॉड्या, प्रत्येकीत दोन कार्डं, दोन्हींवर एकदमच सेव्ह होईल असं सेटिंग. तुम्हाला हे ठाऊक असणारच.

फ्लॅशचं विचारून मात्र तुम्ही नेमकं दुखऱ्या जागी बोट ठेवलंत.

मी मूळचा कराडचा. बाबांचा स्टुडिओ होता. रोलमध्ये छत्तीस फोटो, आणि एकदा फ्लॅश उडाला की परत चार्ज व्हायला सात-आठ सेकंद. म्हणजे शेवटच्या ‘सावधान’ला एकच संधी. बाबा मंगलाष्टकं चालू असताना माझ्यासारखे नाचत नसत. एका जागी उभे राहायचे आणि भटजींच्या श्वासाकडे कान लावायचे. लग्नाच्या आदल्या दिवशी कार्यालयात जाऊन दिवे बघून यायचे, आणि बोहल्यावरची ट्यूब फडफडत असेल तर मॅनेजरशी भांडून बदलून घ्यायचे. मला तेव्हा लाज वाटायची. आता वाटत नाही.

इथे इंग्लंडला आल्यावर मी एकाबरोबर भागीदारीत लग्नं करायला लागलो. गणपतीत मराठी मंडळात ओळख झालेली. माणूस कलाकार, माझ्यापेक्षा चांगली नजर, हे आजही म्हणेन. पण त्याचं एक तत्त्वज्ञान होतं : ‘आपण साक्षीदार, दिग्दर्शक नाही.’ कोणाला सरकायला सांगायचं नाही, दिव्याला हात लावायचा नाही, जसं आहे तसं टिपायचं. ऐकायला फार छान वाटतं.

तर नोव्हेंबरच्या मध्यावरचं लग्न. ऑक्सफर्डकडचं एक जुनं घर. कंट्री हाऊस म्हणजे एखाद्या सरदाराचा वाडा समजा, फक्त मधला चौक काढून टाकलेला. आपल्या वाड्यात उजेड चौकातून वरून येतो आणि सगळ्या सोप्यांना सारखा मिळतो. तिथे तो एकाच भिंतीतून येत होता आणि पंधरा फुटांवर संपत होता. बाकी भिंतींना छातीपर्यंत काळपट ओकचं लाकूड. फ्लॅश त्यावर बाऊन्स केला, म्हणजे भिंतीवर मारून परतवला, की उजेड गिळला जातो, आणि उरतो तो चहाच्या रंगाचा होऊन परत येतो. (या देशात १६९६ ते १८५१ खिडक्यांवर कर होता, त्यामुळे जुन्या घरांत विटांनी बुजवलेल्या खिडक्या दिसतात. सगळ्याच करापायी बुजवलेल्या नसतात. काही तर बाहेरून घर दोन्ही बाजूंनी सारखं दिसावं म्हणून मुळातच खोट्या बांधलेल्या. फोटोग्राफरला दोन्ही सारख्याच निरुपयोगी.)

दुपारी बाराला रजिस्ट्रारसमोरचं लग्न, दोनला वैदिक. इथे अशा घरात नुसता वैदिक विधी केला तर कायद्याच्या लेखी लग्न झालेलंच नसतं, आणि रजिस्ट्रारच्या विधीत धर्माचं काही चालत नाही. म्हणून एकाच दिवसात दोन लग्नं, आणि तुमच्यावर दोन वेगळे हुकूम. रजिस्ट्रारबाईंनी सुरुवातीलाच सांगितलं : फ्लॅश नको, क्लिकक्लिक नको, माझ्या पाठीमागे यायचं नाही, सहीचा खरा कागद जवळून टिपायचा नाही. ठीक. भागीदार म्हणाला, दोघांचेही कॅमेरे सायलेंटवर टाकू. टाकले. खिडकीजवळचा विधी, झुंबर बंद, फोटो सुरेख आले.

मग दोनला सगळे हॉलच्या आतल्या टोकाला मांडवात. आता घराचे नियम. तांदूळ आत नाही, बाहेरही नाही. सुकलेल्या पाकळ्या चालतील. वधूपिता हळद-कुंकू लावून अक्षतांची अख्खी पिशवी घेऊन आलेले, ते मॅनेजरबाईंशी अर्धा तास हुज्जत घालून हरले. होमाला चार समिधांची परवानगी, तीसुद्धा धुराचा अलार्म बंद करणारा माणूस शेजारी उभा ठेवून. या सगळ्या गडबडीत डोक्यावरचं झुंबर कोणीतरी लावलं आणि ‘मूड’साठी अर्ध्यावर मंद केलं. मेणबत्तीच्या आकाराचे एलईडी दिवे.

मी भागीदाराला म्हटलं, रजिस्ट्रारबाई गेल्या, आता सायलेंट काढून साधं शटर लावू, कोपऱ्यात एक फ्लॅश छताकडे तोंड करून ठेवू, नाहीतर निदान हे झुंबर घालवायला सांगू. तो म्हणाला, वातावरण किती छान झालंय, त्यात लुडबूड नको. साक्षीदार वगैरे. आणि मी गप्प बसलो. त्या गप्प बसण्याचा राग मला अजून येतो, त्याच्यापेक्षा माझाच जास्त.

मंगलाष्टकं झाली, अंतरपाट दूर झाला, पाकळ्या उडाल्या. कॅमेऱ्याच्या मागच्या इवल्याशा पडद्यावर सगळं झकास दिसत होतं. रात्री घरी येऊन मोठ्या स्क्रीनवर उघडलं तर अंतरपाटाचे एकूण एक फोटो पट्टेरी. नवरीच्या कपाळावर एक नारिंगी पट्टा, नाकावर एक काळसर, हनुवटीवर पुन्हा नारिंगी.

कारण साधं आहे. इथली वीज ५० हर्ट्झची, भारतासारखीच, म्हणजे अशा दिव्याचा उजेड सेकंदाला शंभर वेळा कमी-जास्त होतो. डिमर लावला की अजूनच वेडावाकडा. साध्या सेन्सरवर सायलेंट शटर फोटो एकदम घेत नाही, वरून खाली ओळीओळीने वाचतो. तेवढ्यात दिवा कमी-जास्त होऊन गेलेला असतो, त्याचेच पट्टे. शटर १/१०० किंवा १/५० सेकंदाला ठेवलं तर बहुतेकदा निभावतं. आम्ही १/३२० ला होतो, कारण पाकळ्या हवेत थांबवायच्या होत्या.

अल्बम बघून वधूपिता एवढंच म्हणाले, “अहो, ही माझी मुलगी आहे का वाघीण?” मी अर्धे पैसे परत केले. माझ्या वाट्यातून. भागीदाराचं म्हणणं, चूक दिव्यांची. अरे, दिवे आपल्या आधीपासून तिथे लटकत होते!

तर तुमच्या प्रश्नाचं उत्तर : रजिस्ट्रारसमोर फ्लॅश नाही, विचारूही नका. वैदिक विधीत बहुतेक घरं हरकत घेत नाहीत, पण आधी लेखी विचारा. जुनी चित्रं, जुने पडदे असलेल्या खोल्यांत नाही म्हणू शकतात. आणि फ्लॅश आणायचाच तर कॅमेऱ्यावरून थेट तोंडावर मारू नका, जरीच्या शालूची पार राख होते.

त्याहून महत्त्वाचं म्हणजे आधी एकदा जाऊन या, आणि लग्न ज्या वेळेला आहे त्याच वेळेला जा. नोव्हेंबरात चार-सव्वाचारला सूर्य मावळतो. इथे गोरज मुहूर्त धरणाऱ्या एका यजमानांना मला सांगावं लागलं होतं की काका, जूनमध्ये तुमचा गोरज रात्री सव्वानऊला येईल आणि तोवर केटरर घरी गेलेला असेल. सगळे दिवे लावून, मंद करून, प्रत्येक शटरवर चाचणीचे फोटो काढा आणि लॅपटॉपवर मोठे करून बघा. फोनमधलं होकायंत्र काढून भटजींना फोन करा : त्यांना पूर्व-पश्चिम हवी असते, तुम्हाला खिडकी. मांडव चार फूट सरकवून दोन्ही साधतं, पण हे आधी. भटजी आसनावर बसल्यानंतर कोणी ऐकत नाही.

आणि बोला हो. झुंबर घालवायला सांगणं म्हणजे लुडबूड नव्हे. लोक उजेड बघण्याचेच पैसे देतात आपल्याला. कोणी तुम्हाला साक्षीदार-दिग्दर्शक ऐकवायला लागलं तर त्याला विचारा, पैसे परत करायची वेळ आली की साक्षीदार कुठे असतो?

आता राहिलेलं. स्टॅक्ड सेन्सरचा, म्हणजे ओळी फार झरझर वाचणारा, नवा कॅमेरा असेल तर पट्ट्यांचा त्रास बराच कमी होतो, तेव्हा माझं अर्धं रडगाणं तुम्हाला लागू नाही. स्कॉटलंडचा कायदाही वेगळा आहे. वरचं सगळं इंग्लंडपुरतं.

आणि एक प्रामाणिकपणे सांगायला हवं. त्या लग्नातला एक फोटो त्या कुटुंबाच्या घरात आज भिंतीवर आहे. नवरीची आजी, गुडघे दुखतात म्हणून खिडकीशी खुर्चीवर बसवलेली. तिने कमरेच्या बटव्यातून मूठभर अक्षता काढल्यात, नियम-बियम धाब्यावर बसवून, आणि हात नुकताच उघडलाय. चार दाणे बोटांना चिकटलेले, बाकीचे हवेत. मागे मॅनेजरबाई मुद्दाम दुसरीकडे बघतायत. खिडकीचा उजेड, एकही पट्टा नाही. तो फोटो माझा नाही, भागीदाराचा आहे. सायलेंटवर काढलेला. फ्लॅश उडाला असता तर म्हातारीने मूठ मिटली असती, हेही मला कळतं.

त्या दिवसाच्या मूळ फाइलींची हार्ड डिस्क अजून माझ्याकडेच आहे. तो हे वाचत असेल तर घेऊन जावी. रविवारी मी घरी असतो.