एरर एकीकडे, चूक भलतीकडे : वाचकांचे प्रोग्रामिंगचे प्रश्न

या वेळी आलेल्या पत्रांपैकी निम्म्यांत नुसतं 'चालत नाही' एवढंच लिहिलंय. काय चालत नाही, कुठे, एरर काय आली, कशाचाच पत्ता नाही. तेव्हा आधीच सांगते, पुढच्या वेळी एररचा अख्खा मजकूर पाठवा, नुसती वरची लाल ओळ नको, कारण खरं कारण बऱ्याचदा खाली 'इनर एक्सेप्शन' म्हणून दडलेलं असतं आणि तिथपर्यंत कोणी स्क्रोलच करत नाही. ज्यांनी नीट लिहिलंय त्यांची उत्तरं आधी घेते.

प्रश्न : ताई, सी शार्पमध्ये विंडोज फॉर्म्सचं ॲप आहे. रिपोर्टचं बटण दाबलं की विंडो पांढरी पडते आणि वर 'नॉट रिस्पॉन्डिंग' येतं. वेगळा थ्रेड टाकून बघितला तर 'क्रॉस-थ्रेड ऑपरेशन नॉट व्हॅलिड'. मग ॲसिंक-अवेट केलं, तर आता विंडो कायमचीच अडकते, आधी निदान दोन मिनिटांनी सुटायची तरी! काय करू?

तुम्ही तीन वेगवेगळ्या अडचणींतून गेलात आणि तिन्हींचं मूळ एकच आहे. विंडो रंगवणं, माऊसचे क्लिक घेणं, कीबोर्ड ऐकणं हे सगळं एकटा यूआय थ्रेड करतो (थ्रेड म्हणजे प्रोग्राममधली कामाची एक स्वतंत्र धार, यूआय म्हणजे स्क्रीनवर दिसणारा भाग). त्याच्यापुढे मेसेजची रांग असते, तो एकेक उचलतो. तुमचा रिपोर्टचा कोड बटणाच्या क्लिकमध्ये आहे म्हणजे तो त्याच थ्रेडवर चाललाय, तेवढा वेळ रांग तुंबलेली. विंडोजला साधारण ५ सेकंद त्या विंडोकडून मेसेज उचलला गेलेला दिसला नाही की ती 'नॉट रिस्पॉन्डिंग' लिहून मोकळी होते. प्रोग्राम मेलेला नसतो, कामात असतो. म्हणून तर दोन मिनिटांनी सुटायचा.

दुसरी एरर आली कारण जो कंट्रोल ज्या थ्रेडने बनवला त्यानेच त्याला हात लावायचा असा नियम आहे. तुमचा नवा थ्रेड थेट लेबलचं टेक्स्ट बदलायला गेला. इथे काही लोक ती तपासणीच बंद करायची सेटिंग फॉल्स करून टाकतात, कृपया करू नका, एरर दिसायची बंद होते आणि मग कधीतरी महिन्यातून एकदा ॲप उडतं, आणि ते का उडालं हे शोधण्यात आठवडा जातो.

आता तिसरी, खरी गंमत. तुम्ही अवेट (थ्रेड न अडवता काम संपायची वाट बघणं) लिहिलंत पण मला खात्री आहे की कुठेतरी वर डॉट रिझल्ट किंवा डॉट वेट आहे. बघा काय होतं, डॉट रिझल्टमुळे यूआय थ्रेड तिथेच थांबून उत्तराची वाट बघतो, आणि आतलं अवेट संपलं की उरलेला कोड चालवायला त्याला परत तोच यूआय थ्रेड हवा असतो. दोघंही 'तू आधी, तू आधी' करत बसतात. कन्सोल ॲपमध्ये हाच कोड व्यवस्थित चालतो कारण तिथे अमुकच थ्रेडवर परत यायची सक्ती नसते, त्यामुळे टेस्ट करताना कळतही नाही.

तर उपाय असा : क्लिकचं फंक्शन ॲसिंक करा, जड हिशेब टास्क डॉट रनमध्ये घाला (ते काम दुसऱ्या थ्रेडवर जातं), त्याला अवेट करा आणि अवेटनंतरच्या ओळीत लेबल बदला, त्या ओळी आपोआप यूआय थ्रेडवर येतात. डेटाबेस किंवा नेटवर्कचं काम असेल तर टास्क डॉट रनचीही गरज नाही, त्यांची स्वतःची ॲसिंक फंक्शन्स वापरा. ॲसिंक वरपासून खालपर्यंत न्या, मध्येच डॉट रिझल्ट नको. ॲसिंक व्हॉइड फक्त इव्हेंटच्या फंक्शनला, बाकी सगळीकडे टास्क परत करा, नाहीतर आतलं एक्सेप्शन तुमच्या कॅचमध्ये येतच नाही. प्रोग्रेस दाखवायची असेल तर प्रोग्रेस नावाचा क्लास आहे, त्याचा ऑब्जेक्ट यूआय थ्रेडवर बनवा म्हणजे त्याचे निरोपही तिथेच येतात. आणि काम चालू असताना बटण डिसेबल करा, ते परत एनेबल करायची ओळ फायनलीमध्ये, म्हणजे एरर आली तरी चालणाऱ्या भागात, ठेवा.

ॲप्लिकेशन डॉट डूइव्हेंट्स टाकून काम भागतं असं कोणी सांगेल. भागतं, पण मग माणूस कंटाळून तेच बटण परत दाबतो आणि अर्धवट रिपोर्टच्या पोटात दुसरा रिपोर्ट सुरू होतो.

पुढच्या वेळी विंडो अडकली तर अंदाज बांधत बसू नका. डीबगर जोडा, 'ब्रेक ऑल' दाबा आणि मेन थ्रेडचा कॉल स्टॅक बघा. तो कुठल्या ओळीवर उभा आहे ते तिथे सरळ लिहिलेलं असतं.

प्रश्न : रिॲक्टचं ॲप लोकलहोस्ट ३००० वर, एपीआय ८००० वर. पोस्टमनमध्ये सगळं छान चालतं, ब्राउझरमध्ये कॉर्सची एरर. मी हेडर टाकलाय तरी तेच. मी कॉलेजला आहे, प्रोजेक्ट सबमिशन जवळ आलंय, प्लीज लवकर सांगा.

कॉलेजला आहेस म्हणून अरेतुरे करते. पोस्टमन हे ब्राउझरशिवाय एपीआयला, म्हणजे तुझ्या सर्व्हरला, रिक्वेस्ट पाठवायचं साधन, तिथे चालतं यावरून फक्त एवढंच कळतं की सर्व्हर जिवंत आहे. कॉर्स (एका साइटच्या पानाला दुसऱ्या साइटचं उत्तर वाचू द्यायचं का याचे नियम) ही सर्व्हरने घातलेली बंदी नाही, ती ब्राउझर पाळतो, पोस्टमनला त्याच्याशी देणंघेणं नाही. प्रोटोकॉल, होस्ट आणि पोर्ट तिन्ही जुळले तरच ओरिजिन एक. तुझं होस्ट एकच आहे पण पोर्ट वेगळं, म्हणजे ब्राउझरच्या लेखी दोन परक्या साइट्स. आणि साध्या गेट रिक्वेस्टमध्ये तर सर्व्हर उत्तर देतोही, ब्राउझर ते फक्त तुझ्या जावास्क्रिप्टच्या हाती लागू देत नाही.

हेडर टाकूनही चालत नाही त्याची कारणं बहुतेक या चारांपैकी एक असतात. सगळ्यात जास्त सापडणारं म्हणजे प्रीफ्लाइट. तू जेसन पाठवतोस किंवा ऑथरायझेशन हेडर लावतोस तेव्हा ब्राउझर आधी ऑप्शन्स नावाची रिक्वेस्ट पाठवून परवानगी विचारतो, त्या रिक्वेस्टमध्ये तुझं टोकन नसतं, आणि तुझा लॉगिन तपासणारा मिडलवेअर (मुख्य कोडच्या आधी प्रत्येक रिक्वेस्टवर चालणारा कोड) आधी असेल तर तो तिलाच ४०१ देऊन हाकलून देतो. कॉर्सचा मिडलवेअर त्याच्या आधी लाव.

दुसरं, परवानगीच्या हेडरमध्ये ओरिजिनच्या शेवटी स्लॅश आहे का बघ. ओरिजिनला शेवटी स्लॅश नसतो, एवढ्यावरूनही जुळत नाही. तिसरं, कुकी पाठवत असशील तर तिथे स्टार (म्हणजे 'कुठलंही ओरिजिन चालेल') चालत नाही, ओरिजिन नावानिशी लिहावं लागतं आणि क्रेडेन्शियल्सच्या परवानगीचा वेगळा हेडरही ट्रू करावा लागतो.

चौथं तर फारच फसवं. सर्व्हरचा कोड मध्येच फुटतो, ५०० जातो, त्या एररच्या उत्तराला कॉर्सचे हेडर लागलेलेच नसतात, आणि ब्राउझर तुला सांगतो 'कॉर्स'. तू दिवसभर हेडर खरवडत बसतोस आणि चूक असते एखाद्या नल व्हॅल्यूत. म्हणून आधी सर्व्हरच्या लॉगमध्ये बघ, मग कन्सोलमध्ये.

मोड 'नो-कॉर्स' करू नकोस, एरर जाते पण उत्तरही वाचता येत नाही. ब्राउझरची सुरक्षा बंद करणारी एक्स्टेंशन्सही नकोत, ती फक्त तुझ्याच मशीनवर असणार, परीक्षकाच्या नाही. घाई असेल तर डेव्हलपमेंट सर्व्हरलाच प्रॉक्सी लाव, म्हणजे ब्राउझरला सगळं ३००० वरूनच येतंय असं वाटतं.

प्रश्न : फॉर्ममध्ये मराठी नाव टाकलं की डेटाबेसमध्ये प्रश्नचिन्हं दिसतात. कधीकधी विचित्र रोमन अक्षरं. फॉन्ट इन्स्टॉल केला तरी उपयोग नाही.

फॉन्टचा दोष असता तर चौकोनी डबे दिसले असते. प्रश्नचिन्हं म्हणजे लिहितानाच माहिती गेली, जे रेकॉर्ड तसे साठले ते परत येणार नाहीत, मूळ माहिती पुन्हा भरायची. विचित्र रोमन अक्षरं दिसत असतील, आणि त्यात तीच तीच टोपीवाली चिन्हं दर अक्षरामागे येत असतील, तर आनंद माना, बाइट बहुधा शाबूत आहेत, फक्त वाचणारा त्यांना यूटीएफ-८ (अक्षरं बाइटमध्ये साठवायची एक पद्धत) समजत नाहीये. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये ३ बाइट घेतं आणि त्यांची सुरुवात सारखीच असते, म्हणून ती चिन्हं परत परत दिसतात. अशा वेळी टेबलात घाईने दुरुस्ती करू नका, आधी कनेक्शनचं कॅरेक्टर सेट बघा.

एसक्यूएल सर्व्हर असेल तर कॉलम एनव्हारचार (युनिकोड मजकुराचा प्रकार) आहे का बघा, आणि क्वेरीत थेट मजकूर लिहित असाल तर अवतरणाच्या आधी एन लागतं, ते विसरलं तर कॉलम बरोबर असूनही प्रश्नचिन्हंच. पॅरामीटर वापरलेत तर ही कटकटही जाते आणि इंजेक्शनचा, म्हणजे फॉर्ममधून कोणी स्वतःची क्वेरी घुसवण्याचा, धोकाही. मायएसक्यूएलमध्ये 'यूटीएफ८' नावाचा जो जुना सेट आहे तो फक्त ३ बाइटपर्यंत जातो, मराठी त्यात बसतं पण कोणी नावापुढे इमोजी टाकला की अडतं. यूटीएफ८एमबी४ घ्या, तो ५.५.३ पासून आहे.

अजून एक, लांबी. 'विद्यार्थी' आपल्याला तीन अक्षरी दिसतं, जावास्क्रिप्टची लेंग्थ १० सांगते आणि बाइट भरतात ३०. नाव २० पर्यंतच हवं अशी तपासणी लावली असेल तर बिचाऱ्या लांब आडनावाच्या माणसाला फॉर्म भरताच येत नाही, आणि बाइट मोजून मध्येच कापलंत तर शेवटचं अक्षर फुटतं.

प्रश्न : ०.१ आणि ०.२ ची बेरीज ०.३ च्या बरोबर येत नाही. भाषेत बग आहे का?

नाही. संगणक हे आकडे द्विमान पद्धतीत ठेवतो आणि तिथे ०.१ कधीच पूर्ण होत नाही, जसं आपल्याकडे १ भागिले ३ होत नाही. आयईईई ७५४ हे मानक १९८५ चं आहे, बहुतेक भाषा तेच पाळतात, त्यामुळे भाषा बदलूनही सुटका नाही. पैशांसाठी डेसिमल प्रकार वापरा, जावास्क्रिप्टमध्ये सगळ्यात लहान एककात पूर्णांक ठेवा. जागोजागी राउंड करत सुटू नका.

प्रश्न : कॅलेंडरमधून ५ तारीख निवडली की सेव्ह होताना ४ होते. सगळ्यांकडे नाही होत.

तुम्ही टू-आयएसओ-स्ट्रिंग वापरताय. निवडलेली तारीख म्हणजे तुमच्या इथली मध्यरात्र, ते फंक्शन तिला यूटीसीत, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत, नेतं, आणि यूटीसीच्या पुढे असलेल्या प्रदेशात ती आदल्या दिवशीची संध्याकाळ ठरते. मागे असलेल्यांकडे तारीख बदलत नाही, त्यांची अडचण उलटी असते : नुसती तारीख स्ट्रिंग म्हणून नव्या डेटला दिली की जावास्क्रिप्ट तिला यूटीसी धरतं आणि त्यांना स्क्रीनवर आदला दिवस दिसतो. जन्मतारखेला वेळ नसतेच, तर ती वर्ष-महिना-दिवस अशी स्ट्रिंगच राहू द्या, डेट ऑब्जेक्टमधून नेऊ नका. नेलीतच तर महिना शून्यापासून मोजतात हे लक्षात असू द्या.

प्रश्न : माझ्या मशीनवर ॲप चालतं, क्लायंटच्या नाही. सेटिंगची फाईल सेव्ह झाल्यासारखी वाटते पण फोल्डरमध्ये दिसत नाही. ॲक्सेसची फाईल उघडताना 'प्रोव्हायडर रजिस्टर नाही' म्हणतं, तो तर इन्स्टॉल आहे!

प्रोव्हायडर (ॲक्सेसची फाईल वाचून देणारा ड्रायव्हर) असेल, पण दुसऱ्या बिटचा. ६४ बिट प्रोसेसला ३२ बिट प्रोव्हायडर दिसत नाही आणि उलटही. क्लायंटकडे ऑफिस कुठल्या बिटचं आहे ते विचारा आणि ॲप त्याप्रमाणे बिल्ड करा, 'एनी सीपीयू' वर सोडून देऊ नका.

फाईलचं म्हणाल तर ती प्रोग्राम फाइल्समध्ये लिहिताय, तिथे साध्या युजरला लिहायची परवानगी नसते. व्हिस्टापासून विंडोज काही जुन्या पद्धतीच्या ३२ बिट ॲप्सचं असं लिखाण गुपचूप युजरच्या व्हर्च्युअलस्टोअर फोल्डरमध्ये वळवते, एरर येत नाही आणि फाईलही सापडत नाही. तुमच्याकडे चालतं कारण तुम्ही व्हिज्युअल स्टुडिओतून, स्वतःच्या फोल्डरमधून चालवता. सेटिंग ॲपडेटा या युजरच्या स्वतःच्या फोल्डरमध्ये ठेवा. नुसतं फाईलचं नाव देऊन उघडत असाल तर तेही बदला, शॉर्टकटवरून सुरू केलं की चालू फोल्डर वेगळा असू शकतो.

आणि क्लायंटला 'परत एकदा करून बघा' सांगण्याआधी त्याच्या इव्हेंट व्ह्यूअरमधली ॲप्लिकेशनची नोंद मागवा, डॉटनेट ॲप उडालं असेल तर एक्सेप्शन आणि स्टॅक तिथे सहसा सापडतो. ती नोंद मला पाठवलीत तर पुढच्या अंकात घेते.