1755 साली 'कंप्युटर' कुठून आला?

प्रश्न असा आहे: "1755 सालच्या इंग्रजी शब्दकोशात कंप्युटर, नेटवर्क आणि जॉगर हे शब्द आहेत, असा मजकूर फोनवर आला. ही थाप आहे का? नसेल तर तेव्हा त्यांचे अर्थ काय होते?"

थाप नाही. तिन्ही शब्द सॅम्युअल जॉन्सनच्या कोशात आहेत. हा कोश एप्रिल 1755 मध्ये लंडनला दोन जाडजूड खंडांत निघाला. तीन वर्षांत उरकतो म्हणून जॉन्सनने काम अंगावर घेतलं आणि नऊएक वर्षं घालवली. त्यामुळे कोशकार या शब्दाच्या व्याख्येत त्याने स्वतःला निरुपद्रवी हमाल म्हणवून घेतलंय, ते मला अगदी पटतं.

'जॉगर'चा अर्थ तिथे 'जड पावलांनी, मरगळल्यासारखा चालणारा' असा आहे. सकाळी बागेत धावणाऱ्यांनी मनाला लावून घेऊ नये. 'नेटवर्क' म्हणजे जाळीकाम. पण व्याख्या अशी: सारख्या अंतरावर एकमेकांना छेद देणारी आणि छेदांच्या मधे फटी असलेली कोणतीही वस्तू. जाळी रोज पाहणाऱ्यालाही हे वाचून आपण जाळी कधी पाहिलीय का, असा प्रश्न पडावा.

खरी गंमत 'कंप्युटर'मध्ये आहे. जॉन्सनने दिलेला अर्थ तीन शब्दांत आटोपतो: हिशेब करणारा, हिशेबनीस, गणिती. म्हणजे माणूस. अर्थाखाली जुन्या लेखकांची वाक्यं द्यायची त्याची पद्धत होती, आणि इथे जोनाथन स्विफ्टचं एक वाक्य आहे. त्याचा आशय असा की, कागदावरचे शेअर आणि रोखे म्हणजेच देशाची खरी संपत्ती, असं समजणारे कच्चे 'कंप्युटर' मी पाहिलेत. हे वाक्य यंत्राला लागू करून पाहा, काही अर्थ लागत नाही. आकडेमोडीत कच्चा माणूस डोळ्यांपुढे आणलात की लगेच लागतो. जुन्या कोशातला शब्द तपासायचा तर अशी वाक्यंच कामाला येतात. फोनवर फिरणाऱ्या यादीत नेमकी तीच गाळलेली असतात.

शब्दही 1755 चा नाही. 1613 सालच्या एका इंग्रजी पुस्तकात तो सापडतो, तिथेही माणसासाठीच. मुळाशी लॅटिनमधलं 'कॉम्प्युतारे' हे क्रियापद आहे, म्हणजे गोळाबेरीज करणं. तेच फ्रेंचमधून झिजत आलं आणि इंग्रजीत 'काउंट' झालं. बँकेतलं 'अकाउंट' त्याच घरातलं.

पुढे या शब्दाची नोकरीच झाली. ग्रिनिचचे राज-खगोलज्ञ नेव्हिल मॅस्केलिन यांनी खलाशांसाठी 1767 सालापासूनचं नाविक पंचांग सुरू केलं. त्यातल्या चंद्राच्या स्थानांचं गणित इंग्लंडभर आपापल्या घरी बसलेले 'कंप्युटर' करत आणि कागद टपालाने पाठवत. एकच गणित दोघांकडे द्यायचं, दोघांनी ते वेगवेगळं करायचं आणि तिसऱ्याने उत्तरं ताडून पाहायची, अशी व्यवस्था होती. त्यात दोन कंप्युटर एकमेकांचं उतरवून काढताना पकडले गेले आणि कामावरून गेले. कॉपी-पेस्ट तेव्हापासूनची म्हणायची!

हा हुद्दा आपल्याकडेही होता. कोलकात्याचे राधानाथ सिकदार 1831 साली भारताच्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणात लागले ते 'कंप्युटर' म्हणून. हिमालयातलं 'पंधरावं शिखर' सगळ्यांत उंच आहे हे त्यांच्या गणितातून निघालं. त्याची 29,002 फूट ही उंची 1856 मध्ये जाहीर झाली आणि एव्हरेस्ट हे नाव त्यानंतर चिकटलं. तेव्हा एव्हरेस्टची उंची कंप्युटरने काढली असं कोणी म्हणालं, तर हसू नका.

यादीतले शब्द स्वतः कोशात शोधणार असाल तर आधी एक सांगतो. जॉन्सनने आय आणि जे ही अक्षरं एकाच दालनात कोंबलीत, यू आणि व्ही यांचंही तेच. 'जॉगर' सापडला नाही म्हणून तो नाहीच असं समजू नका. शिवाय त्या काळच्या छपाईत शब्दाच्या आत येणारा एस लांबट असे आणि थेट एफसारखा दिसे. 'लॉस्ट' हा शब्द 'लॉफ्ट' वाचला जातो आणि हरवलेली वस्तू माळ्यावर जाऊन बसते. आणि कोश म्हणतो म्हणून सगळं खरंच, असंही नाही. घोड्याच्या पायाचा खुराच्या वरचा भाग म्हणजे 'पास्टर्न', त्याला जॉन्सनने गुडघा म्हटलंय. असं का लिहिलंत, म्हणून एका बाईंनी विचारलं तेव्हा त्याचं उत्तर होतं, "अज्ञान, बाईसाहेब, निव्वळ अज्ञान."

प्रश्नकर्त्यांनी शेवटी विचारलंय, की मग आपला 'संगणक' तरी मुळात यंत्राचा शब्द आहे ना? घडण पाहिली तर नाही. लेखक, गायक, शिक्षक यांतला 'क' करणारा दाखवतो. गणक म्हणजे गणना करणारा, आणि ज्योतिष्यालाही गणक म्हणत. त्याला 'सम्' लागून संगणक झाला. 'क'ला यंत्राचंही वावडं नाही, ध्वनिक्षेपकातही तो आहे. पण इंग्रजीला अडीचशे वर्षांपूर्वीचा जो अर्थ कोशातून उकरून काढावा लागतो, तो आपल्या शब्दाच्या अंगावरच दिसतो. त्याचा सख्खा भाऊ अजून माणूसच आहे. जनगणनेच्या वेळी फॉर्म सावरत दाराशी येतात आणि "घरात माणसं किती?" विचारतात, त्या मास्तरांचा सरकारी हुद्दा आहे प्रगणक.