अ‍ॅप पाच, कामं तिथंच : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : फोनवर गुगल कीप, टूडूइस्ट आणि मायक्रोसॉफ्ट टू डू अशी तीन अ‍ॅप्स आहेत. शिवाय व्हॉट्सअ‍ॅपवर स्वतःलाच पाठवलेले निरोप. तरीही कामं सुटतात. यातलं नेमकं कुठलं ठेवू?

उत्तर : तिन्ही चांगली आहेत. कामं सुटतात, कारण तुम्हाला चार ठिकाणी डोकवावं लागतं आणि चौथं ठिकाण राहून जातं. म्हणून ठेवायचं एकच. ते निवडताना वैशिष्ट्यांचे तक्ते वाचत बसू नका. तुमची कामं येतात कुठून, एवढंच पाहा.

बहुतेक कामं जीमेलमधून येत असतील तर तुमच्या तिन्हींपेक्षा गुगल टास्क्स बरं. संगणकावर मेल उघडा, वरच्या पट्टीतून 'अ‍ॅड टू टास्क्स' निवडा. मेलचा दुवा कामाला जोडलेला राहतो आणि तारीख दिली की ते काम गुगल कॅलेंडरवरही दिसतं. ऑफिस आउटलुकवर चालत असेल तर मायक्रोसॉफ्ट टू डू ठेवा. आउटलुकमध्ये मेलला झेंडा लावला की तो टू डूच्या 'फ्लॅग्ड ईमेल' यादीत येतो. ही यादी दिसत नसेल तर ती टू डूच्या सेटिंगमधून सुरू करावी लागते. टू डूमधलं 'माय डे' रोज रात्री रिकामं होतं आणि त्यानं अनेकजण घाबरतात. काम पुसलं जात नाही, ते मूळ यादीत असतंच. सकाळी 'सजेशन्स'मधून आजची चार-पाच कामं उचलून 'माय डे'मध्ये टाकायची, अशी ती रचना आहे.

ठरावीक काळानं परत येणारी कामं भरपूर असतील तर टूडूइस्ट. काम लिहितानाच शेवटी 'एव्हरी मंडे' असं इंग्रजीत टाइप केलं की तारीख आपोआप लागते. मराठी 'दर सोमवारी' त्याला कळत नाही. इथंच एक बारीक खोच आहे. 'एव्हरी'नंतर उद्गारचिन्ह दिलं की हिशेब बदलतो. समजा, बॅकअप तपासायचं काम दर ३० दिवसांनी येतं, ते १ जूनला होतं आणि तुम्ही १२ जूनला केलं. नुसतं 'एव्हरी' असेल तर पुढची तारीख १ जुलै पडते, कारण मोजणी मूळ तारखेपासून होते. 'एव्हरी!' लिहिलं असेल तर काम पूर्ण केल्याच्या दिवसापासून मोजून १२ जुलै. महिन्याच्या अहवालाला पहिला प्रकार, साफसफाई-तपासणीच्या कामांना दुसरा. हे उलटं झालं की यादीत नको तेव्हा नको ती कामं उगवतात आणि माणूस अ‍ॅपला दोष देतो.

जुनी दोनशे कामं नव्या अ‍ॅपमध्ये हलवत बसू नका. येत्या पंधरा दिवसांत खरोखर करायची तेवढीच उचला. आणि प्रत्येक कामाला आजची तारीख लावायची सवय सोडा. दुसऱ्या दिवशी सगळी यादी लाल होते आणि खरी मुदत कुठली, हेच कळेनासं होतं. बाहेरून मुदत आली असेल तरच तारीख द्या.

प्रश्न : अँड्रॉइड फोनवर रिमाइंडर कधी वेळेवर वाजतो, कधी वीस मिनिटं उशिरा, कधी वाजतच नाही. अ‍ॅप तीनदा बदलून पाहिलं.

उत्तर : मग दोष अ‍ॅपचा नसावा. टेबलावर ठेवलेला फोन उशिरा वाजतो आणि खिशातला वेळेवर, असं होतंय का, ते पाहा. चार्जिंगला नसलेला फोन स्क्रीन बंद होऊन बराच वेळ एका जागी पडून राहिला की अँड्रॉइड बॅटरी वाचवण्यासाठी अ‍ॅप्सना झोपवतो आणि त्यांची कामं साठवून अधूनमधून एकदम उरकतो. तुमचा रिमाइंडर त्या गठ्ठ्यात अडकतो. खिशातला फोन हलत राहतो, त्यामुळे तो इतका गाढ झोपत नाही.

तीन ठिकाणी पाहायचं, याच क्रमानं. पहिलं, अ‍ॅपला नोटिफिकेशनची परवानगी आहे का? अँड्रॉइड १३ पासून ती सुरुवातीलाच विचारली जाते आणि घाईत 'नको' दाबलं जातं. दुसरं, सेटिंगमध्ये अ‍ॅप्स, मग 'स्पेशल अ‍ॅप अ‍ॅक्सेस', मग 'अलार्म्स अँड रिमाइंडर्स'. ठरल्या मिनिटाला वाजण्याची परवानगी ती हीच. अँड्रॉइड १४ वर नव्यानं घेतलेल्या बऱ्याच अ‍ॅप्सना ती आपणहून मिळत नाही, हातानं द्यावी लागते. तिसरं, त्याच अ‍ॅपच्या माहितीच्या पानावर बॅटरीमध्ये 'अनरिस्ट्रिक्टेड' निवडा. हा पर्याय एकाच अ‍ॅपला द्या. सगळ्यांना दिलात तर संध्याकाळपर्यंत बॅटरी पुरणार नाही. काही कंपन्यांच्या फोनमध्ये याशिवाय 'ऑटोस्टार्ट'चं वेगळं बटण असतं, तेही चालू हवं.

आता चाचणी. इथं बहुतेकजण फसतात. पाच मिनिटांनंतरचा रिमाइंडर लावून पाहतात, तो वाजतो, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा रडगाणं. फोनला गाढ झोप लागायला वेळ लागतो. चार्जर काढा, दीड-दोन तासांनंतरचा रिमाइंडर लावा, फोन टेबलावर पालथा ठेवा आणि मध्ये हात लावू नका. चार्जिंगला लावून केलेल्या चाचणीला अर्थ नाही, कारण तेव्हा ही झोपच लागू नसते.

अ‍ॅप 'फोर्स स्टॉप' केलं तर त्याचे लावलेले सगळे रिमाइंडर जातात आणि ते पुन्हा उघडेपर्यंत परत येत नाहीत. काही फोनमध्ये नुकत्या वापरलेल्या अ‍ॅप्सच्या यादीतून सरकवून काढलं तरी तोच परिणाम होतो. 'फोन साफ' करण्याची हौस असेल तर तीच तुमचे रिमाइंडर मारत असण्याची शक्यता मोठी. जे काम चुकवून चालणारच नाही, त्याला फोनच्या घड्याळातला साधा गजर लावा; या झोपेतही तो वेळेवर वाजतो.

प्रश्न : जीमेलमध्ये रोज दीडशे मेल येतात. वाचण्यातच सकाळ जाते.

उत्तर : त्यातले निम्मे माणसानं लिहिलेलेच नसतात, यंत्रांनी धाडलेल्या सूचना असतात. त्यांना फिल्टर लावा. फिल्टर संगणकावर ब्राउझरमध्ये बनवावा लागतो, मोबाइल अ‍ॅपमध्ये ती सोय नाही. पण एकदा बनला की फोनवरही लागू होतो. शोधपट्टीच्या उजव्या टोकाच्या चिन्हावर क्लिक करा, पाठवणाऱ्याचा पत्ता भरा. आता लगेच फिल्टर बनवू नका, आधी 'सर्च' दाबून कोणकोणते मेल सापडतात ते डोळ्यांखालून घाला. पत्त्याऐवजी 'रिपोर्ट'सारखा सर्रास शब्द टाकला असेल तर साहेबांचे मेलही त्यात दिसतील. खात्री पटली की 'क्रिएट फिल्टर', पुढच्या पानावर 'स्किप द इनबॉक्स' आणि एक लेबल. जुन्या मेलनाही तो लावायचा तर खालची वेगळी चौकट खूण करून द्यावी लागते, नाहीतर फक्त नवे मेल हलतात.

उरलेल्या मेलपैकी ज्यावर आज काहीच करता येणार नाही, तो 'स्नूझ' करा. तो दिलेल्या वेळी पुन्हा वर येतो. कीबोर्डवर त्यासाठी 'बी' आणि अर्काइव्हसाठी (मेल न पुसता इनबॉक्समधून हलवण्यासाठी) 'ई', मात्र सेटिंगच्या 'जनरल' भागात कीबोर्ड शॉर्टकट आधी चालू करावे लागतात. तिथंच 'अनडू सेंड', म्हणजे पाठवलेला मेल मागे घ्यायची मुदत, ५ सेकंदांवरून ३० करून टाका. चुकीच्या माणसाला गेलेला मेल आठवायला ५ सेकंद कधीच पुरत नाहीत.

प्रश्न : पोमोडोरोची २५ मिनिटं मला पुरत नाहीत. काम रंगात आलं की घंटा वाजते.

उत्तर : मग वाढवा. फ्रान्चेस्को चिरिल्लो यांनी १९८० च्या दशकाच्या अखेरीस ही पद्धत बसवली, ती टोमॅटोच्या आकाराच्या स्वयंपाकघरातल्या टायमरवर. २५ मिनिटं काम, ५ मिनिटं विश्रांती, चार फेऱ्यांनंतर मोठी सुट्टी. लिखाण, कोडिंग, हिशेब अशा कामांना ५० आणि १० चं माप बहुधा अधिक मानवतं. टाळत आलेल्या कंटाळवाण्या कामाला मात्र २५ च ठेवा, कारण तिथं सुरुवात होणं हीच अडचण असते. टायमर शक्यतो संगणकावर लावा. फोनवर लावला की वेळ बघायला उचललेला फोन लवकर खाली जात नाही.

प्रश्न : फोकस मोड लावला आणि वरिष्ठांचा तातडीचा फोन चुकला. पुन्हा लावायची हिंमत होत नाही.

उत्तर : एकाच नावाच्या वेगवेगळ्या गोष्टींचा हा घोळ आहे. अँड्रॉइडच्या डिजिटल वेलबीइंगमधला 'फोकस मोड' तुम्ही निवडलेली अ‍ॅप्स थांबवतो आणि त्यांच्या सूचना दडवतो, फोन कॉल अडवत नाही. कॉल अडतो तो 'डू नॉट डिस्टर्ब'नं. त्यात जाऊन तारांकित संपर्कांना परवानगी द्या आणि वरिष्ठांच्या नावाला तारा लावा. शिवाय 'रिपीट कॉलर्स' चालू ठेवा : त्याच व्यक्तीनं १५ मिनिटांत दुसऱ्यांदा फोन केला तर तो वाजतो. आयफोनच्या 'फोकस'मध्ये मात्र कॉल आणि अ‍ॅप्स दोन्ही येतात. तिथं परवानगीच्या यादीत माणसांची नावं घालायची, आणि दुसरा कॉल आत यायची मुदत ३ मिनिटांचीच आहे.

आयफोनसोबत मॅकही वापरत असाल तर 'शेअर अक्रॉस डिव्हायसेस' पाहून घ्या. ते चालू असेल तर फोनवर फोकस लावताच मॅकवरच्या सूचनाही गप्प होतात, आणि कॅलेंडरला परवानगी दिलेली नसेल तर बैठकीची आठवण दोन्हीकडे येत नाही. म्हणून परवानगी दिलेल्या अ‍ॅप्समध्ये कॅलेंडर घाला.